पाया ओळखावा चुकांवरून

नुकतं जन्मलेलं बाळ स्तनाकडे तोंड वळवतं. त्याला हे कुणी शिकवलं? न्यायसूत्रं या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न नेमक्या याच उदाहरणाने मांडलेला आहे. सूत्रकाराचं म्हणणं असं, की हवंसं वाटायला आधीचा अनुभव लागतो. या जन्मात तर बाळाने दूध अजून चाखलेलंच नाही, तेव्हा तो अनुभव मागच्या जन्मातला असला पाहिजे. लगेच पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची हरकत, उभा राहतो: लोखंड चुंबकाकडे सरकतं, त्याला कुठे काय आठवत असतं? बाळाचंही तसंच असेल. त्यावर सिद्धांत्याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. चुंबकाकडे लोखंडच का सरकतं, मातीचं ढेकूळ का नाही? सरकण्यालाही नियम आहे आणि नियम आहे तिथे कारण असणारच. मग ते कारण शोधा.

पुनर्जन्माचा निष्कर्ष बाजूला ठेवला तरी वादाची ही मांडणी आजही शिळी झालेली नाही. बाळ काहीतरी जाणून येतं, की त्याच्यात नुसती ओढ असते आणि जाणणं मागाहून येतं? युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांनी मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. जर्मन तत्त्ववेत्ते लाइबनिट्झ यांनी उत्तर दिलं, की मन हा शिरा असलेला संगमरवर आहे, कोणती मूर्ती घडणार ते त्या शिरा आधीच थोडंफार ठरवतात. पुढची दोन-अडीचशे वर्षं दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं, पण बाळाला विचारायची सोय कुणाकडे नव्हती. ती सोय गेल्या साठ-सत्तर वर्षांत झाली आणि म्हणून आता या प्रश्नावर ठाम बोलता येतं.

माझं मत आधीच सांगतो. माणसाच्या विचाराला उपजत पाया आहे. पण तो लोक समजतात त्याहून फार लहान आणि अरुंद आहे. आणि तो ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे त्याची ताकद नव्हे, तर तो नेमका कुठे तोकडा पडतो ती जागा. बाळ हुशार निघालं की वर्तमानपत्रांत बातमी येते. बाळ ठरावीक ठिकाणी ठरावीक पद्धतीने चुकलं, आणि माकड व मोठा माणूसही तसेच चुकले, तर त्याची बातमी होत नाही. पण पुरावा खरा तिथे असतो.

आधी बाळाला विचारायचं कसं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फान्ट्झ यांनी १९५०-६० च्या दशकांत एक साधी गोष्ट मोजायला सुरुवात केली: बाळ कशाकडे किती वेळ बघतं. त्यातूनच आजची पद्धत घडली. बाळ पालकाच्या मांडीवर किंवा छोट्या खुर्चीत बसतं. समोर एक लहानसा मंच असतो. खोलीत अंधार आणि मंचावर उजेड. पालकाला डोळे मिटून बसायला सांगतात, म्हणजे त्याच्या दचकण्यातून बाळाला काही कळायला नको. आडोशाला बसलेला निरीक्षक बाळाचे डोळे पाहतो आणि बाळ मंचाकडे बघत असेल तोवर कळ दाबून ठेवतो. बाळाने सलग २ सेकंद नजर काढून घेतली की फेरी संपली. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवतात. पहिल्या ३ फेऱ्यांत बाळ जितका वेळ बघतं, त्याच्या निम्म्याहून कमी वेळ सलग ३ फेऱ्यांत बघू लागलं, की त्या दृश्याची सवय झाली असं धरतात. मग दोन नवी दृश्यं आलटून पालटून दाखवायची आणि कोणत्या दृश्याकडे नजर जास्त रेंगाळते ते मोजायचं. निम्म्या बाळांना एक दृश्य आधी, निम्म्यांना दुसरं आधी.

हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. बाळं रडतात, पेंगतात, स्वतःच्या पायाच्या बोटांत रमतात. अशी बाळं निकालातून वगळावी लागतात. पण कुणाला वगळायचं हे आकडे बघून ठरवलं, तर निकाल हवा तसा वळतो. म्हणून वगळण्याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. निरीक्षकाला मंचावर कोणतं दृश्य आहे ते कळता कामा नये, नाहीतर त्याचं बोट कळीवर नकळत रेंगाळतं. जुन्या प्रयोगांत एका गटात १६ ते २० बाळं असत. एवढ्या लहान गटात दोन-चार बाळांनी चित्र पालटतं.

सगळ्यात खोल अडचण वेगळीच आहे. बाळ जास्त वेळ बघतं ते आश्चर्याने, की ओळखीने? पुरती सवय झालेलं बाळ नव्याकडे बघतं, अर्धवट सवय झालेलं बाळ ओळखीच्याकडे. म्हणजे सवय पुरती झाली नसेल, तर त्याच आकड्याचा अर्थ नेमका उलटा होतो. या क्षेत्रातल्या निम्म्याहून जास्त भांडणांचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

आता वस्तूंकडे वळू. १९८३ मध्ये फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी ४ महिन्यांच्या बाळांना एक दांडी दाखवली. दांडीच्या मधल्या भागापुढे ठोकळा होता, त्यामुळे फक्त वरचं आणि खालचं टोक दिसे. दांडी डावी-उजवीकडे हलत होती. सवय झाल्यावर ठोकळा काढून एकदा अखंड दांडी दाखवली, एकदा मध्ये फट असलेले दोन तुकडे. बाळं तुकड्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे ठोकळ्यामागे ती अखंड दांडीच धरून चालली होती. पण दांडी स्थिर ठेवली की हा फरक उरला नाही. रंग आणि आकार जुळतात एवढ्यावर बाळ दोन टोकं जोडत नाही, ती एकत्र हलली तरच जोडतं. मोठा माणूस स्थिर दांडीही एकच धरेल. म्हणजे बाळाचा नियम आपल्यापेक्षा कमी गोष्टींवर चालतो आणि कोणत्या गोष्टींवर चालतो ते नेमकं सांगता येतं.

मग हे जन्मजात? ॲलन स्लेटर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हाच प्रयोग नवजात बाळांवर केला. ती बाळं उलट अखंड दांडीकडे जास्त वेळ बघत होती. त्यांनी ठोकळ्याच्या वरचा आणि खालचा असे दोन तुकडेच पाहिले होते, त्यामुळे अखंड दांडी त्यांना नवी वाटली. पुढे ठोकळा अरुंद केल्यावर २ महिन्यांच्या बाळांना ते जमलं असं दिसून आलं. तेव्हा हा नियम पहिल्या दिवशी तयार नसतो, आणि तयार व्हायला फार शिकवणीही लागत नाही. कोंबडीच्या पिल्लांचं चित्र वेगळं आहे. इटलीत लुचिया रेगोलिन आणि जॉर्जो वालोर्तिगारा यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की अंड्यातून बाहेर आल्यावर अर्धवट झाकलेला त्रिकोण ज्याने 'आई' म्हणून स्वीकारला, ते पिल्लू पुढे तुकड्यांच्या त्रिकोणापेक्षा अखंड त्रिकोणाकडे धाव घेतं. पिल्लाला पहिल्याच दिवसापासून स्वतःच्या पायांवर चालायचं असतं, माणसाच्या बाळाला नसतं. कदाचित म्हणूनच एकाला तयार माल मिळतो आणि दुसऱ्याला थोडा वेळ.

या नियमाची दुसरी बाजू १९९६ मध्ये फेई शू आणि सुझन कॅरी यांच्या प्रयोगात दिसली. पडद्यामागून एका बाजूने खेळण्यातलं बदक बाहेर येतं आणि परत आत जातं. मग दुसऱ्या बाजूने खेळण्यातला ट्रक येतो आणि परत जातो. असं अनेकदा. मग पडदा हटतो आणि मागे एकच खेळणं असतं. १२ महिन्यांची बाळं अडखळतात. १० महिन्यांच्या बाळांना त्यात काही वावगं वाटत नाही! पण बदक आणि ट्रक सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाखवले, तर हीच १० महिन्यांची बाळं दोन खेळण्यांची अपेक्षा ठेवतात. बाळाच्या लेखी वस्तू म्हणजे सलग वाटेने जाणारा एक अखंड पिंड. तो पिवळा आणि चोचीचा आहे की लाल आणि चाकांचा, ही माहिती त्याला दिसते, पण 'किती वस्तू' हे ठरवताना ती हिशेबात येत नाही. पाया हा असा असतो. त्यात वस्तू आहे, पण बदक नाही.

संख्येच्या बाबतीत हे सगळं आणखी स्पष्ट होतं.

कॅरेन विन यांचा १९९२ चा प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असेल. मंचावर एक बाहुली, तिच्यापुढे पडदा, मग एक हात बाळाच्या देखत दुसरी बाहुली पडद्यामागे ठेवतो आणि रिकामा परत जातो. पडदा हटल्यावर कधी दोन बाहुल्या असतात, कधी एकच. ५ महिन्यांची बाळं एकट्या बाहुलीकडे जास्त वेळ बघत राहिली. आधी दोन ठेवून एक काढून घेतली, तेव्हा उलट दोन बाहुल्यांकडे बघत राहिली. 'बाळांना बेरीज येते' असा गाजावाजा झाला. दहा वर्षांनी लेस्ली कोहेन आणि कॅथरीन मार्क्स यांनी हरकत घेतली: सुरुवातीला एक दाखवलीत, शेवटीही एक, बाळ ओळखीच्या दृश्याकडे बघतंय, बेरीज कुठली? हरकत रास्त होती. मला तर वाटतं, या प्रयोगाला बेरीज म्हणण्यापेक्षा पडद्यामागच्या वस्तूंवर लक्ष ठेवणं म्हणणं जास्त प्रामाणिक. पण लक्ष ठेवणं कितीपर्यंत, हा प्रश्न विचारला की गोष्ट नजर मोजण्याच्या पलीकडे जाते.

लिसा फायगेनसन, कॅरी आणि मार्क हाउझर यांनी २००२ मध्ये नजर मोजलीच नाही. १० आणि १२ महिन्यांच्या बाळांपुढे दोन अपारदर्शक डबे ठेवले आणि त्यांच्या देखत एकेक बिस्किट आत टाकलं. मग बाळाला सोडून दिलं, ते ज्या डब्याकडे रांगत जाईल ती त्याची निवड. प्रत्येक बाळाला एकच संधी, म्हणजे सरावाचा प्रश्न नाही. १ विरुद्ध २: बाळं २ कडे गेली. २ विरुद्ध ३: ३ कडे गेली. ३ विरुद्ध ४: कुठेही गेली. इथवर कुणी म्हणेल, फरक लहान झाला म्हणून जमलं नाही. पण २ विरुद्ध ४ लाही तेच, ३ विरुद्ध ६ लाही तेच. पुढे १ विरुद्ध ४ लाही तेच झालं! एका डब्यात एकच बिस्किट, दुसऱ्यात चौपट, आणि भुकेला जीव दोन्हींकडे सारखाच जातो.

शिकण्यातून असं काही निपजेल का? रोजच्या अनुभवातून शिकणाऱ्याला मोठा फरक आधी कळतो, लहान नंतर. १ आणि ४ मधला फरक २ आणि ३ पेक्षा कितीतरी मोठा आहे. तरी बाळ ढासळतं, कारण एका डब्यातल्या वस्तू ३ च्या वर गेल्या की लक्षात ठेवायच्या जागाच संपतात, आणि '४' याऐवजी 'बरेच' असंही काही उरत नाही, हिशेब अख्खा कोसळतो. रानात मोकळ्या फिरणाऱ्या ऱ्हीसस माकडांवर सफरचंदाच्या फोडी वापरून अशीच चाचणी झाली. त्यांना ३ विरुद्ध ४ पर्यंत जमलं, ४ विरुद्ध ८ नाही. आणि मोठ्या माणसांना पडद्यावर एकसारखे अनेक ठिपके फिरताना दाखवून त्यांतल्या काहींवर लक्ष ठेवायला सांगितलं, तर साधारण ४ पर्यंत निभावतं. बाळ, माकड, प्रौढ: तीन जीव, तीन आयुष्यं, भिंत जवळपास एकाच जागी. यंत्रणा एकच असल्याशिवाय असं होत नाही, आणि म्हणूनच मी चुकांना एवढं महत्त्व देतो.

संख्येची दुसरी उपजत यंत्रणा याच्या अगदी उलट आहे. ती मोठ्या आकड्यांवर चालते, पण अंदाजाने. शू आणि स्पेल्की यांनी २००० मध्ये ६ महिन्यांच्या बाळांना ठिपक्यांची चित्रं दाखवली. ठिपक्यांचा आकार, एकूण क्षेत्रफळ, दाटी हे सगळं फिरतं ठेवलं, म्हणजे बाळाने फक्त संख्येवरच जावं. ८ आणि १६ मधला फरक बाळांना कळला, ८ आणि १२ मधला नाही. म्हणजे सीमा फरकाची नव्हे, प्रमाणाची आहे: १ ला २ चालतं, २ ला ३ नाही. ९-१० महिन्यांपर्यंत २ ला ३ जमू लागतं. प्रौढ माणूस न मोजता साधारण ७ आणि ८ मधला फरक ओळखतो. यंत्रणा तीच, धार वाढत जाते. व्हेरोनिक इझार आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तर सरासरी दोन दिवसांच्या बाळांना ४ किंवा १२ उच्चारांच्या मालिका ऐकवल्या आणि मग चित्रं दाखवली. ऐकलेल्या संख्येशी जुळणाऱ्या चित्राकडे बाळं जास्त वेळ बघत होती. कानाने ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं दोन दिवसांच्या वयात जुळतं, पण तिपटीचं अंतर असेल तर.

म्हणजे पायात काय आहे? ३ पर्यंत नेमकी नोंद ठेवणारी एक यंत्रणा आणि त्यापुढे प्रमाणावर चालणारा एक अंदाज. यांत ७ कुठेच नाही. 'नेमके सात, सहाही नाही आणि आठही नाही' ही कल्पना पहिल्या यंत्रणेत मावत नाही आणि दुसरीला दिसत नाही. गणिताचा सगळा इमला ज्या कल्पनेवर उभा आहे, तीच पायात नाही.

ती येते कशी, हे मुलांना वस्तू मागून बघता येतं. अडीच वर्षांचं मूल 'एक, दोन, तीन, चार' दहापर्यंत घडाघडा म्हणतं. त्याच्यापुढे खेळण्यांचा ढीग ठेवून 'एक दे' म्हटलं तर एक देतं. 'दोन दे' म्हटलं तर मूठभर देतं. 'तीन दे', मूठभर. काही महिने असेच जातात. मग दोन नेमके येऊ लागतात आणि त्यापुढचं सगळं मूठभरच राहतं. पुन्हा काही महिन्यांनी तीन. यानंतर मात्र चार, मग पाच, मग सहा अशी एकेक पायरी होत नाही. साडेतीन-चार वर्षांच्या आसपास मुलाला एकदम कळतं, की मोजताना शेवटी आलेला शब्द म्हणजेच किती ते. त्यानंतर पाच, सहा, आठ सगळंच देता येतं. पाठ असलेली निरर्थक शब्दमाळ आधीपासून तोंडात होती. तिच्यातलं 'पुढचा शब्द' आणि वस्तूंमधलं 'आणखी एक' यांची गाठ पडली. सुझन कॅरी यांचं स्पष्टीकरण साधारण असं आहे, आणि गाठ नेमकी कशी पडते यावर वाद असला तरी क्रम सगळ्यांना मान्य आहे. घरी किंवा बालवाडीत हे करून बघणाऱ्याने एक पथ्य पाळावं: मुलाने दिल्यावर 'बरोबर का? मोजून बघ' असं एकदा विचारावं, पण तोंडाने किंवा डोळ्यांनी उत्तर सुचवू नये. मुलं आपल्या भुवया वाचतात. आणि 'किती आहेत?' या प्रश्नाला मूल नुसतं पुन्हा मोजून दाखवतं, त्यावरून त्याला कळलं असं मानू नये. मागितलं तेवढं देता येणं हीच खरी परीक्षा.

ही शब्दमाळ मिळालीच नाही तर? ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत साधारण ५ पर्यंतच संख्याशब्द आहेत. २००४ मध्ये पिएर पिका, स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ठिपक्यांच्या मोठ्या ढिगांची अंदाजी तुलना आणि बेरीज ते फ्रेंच प्रौढांइतकीच चांगली करतात, पण नेमकी वजाबाकी ४-५ च्या पुढे जमत नाही. त्यांना गरज पडत नसेल, असं इथे म्हणता येतं. ती पळवाट निकाराग्वाच्या अभ्यासाने बुजवली. तिथे काही बहिरे प्रौढ असे आहेत, की ज्यांना खुणांची प्रस्थापित भाषा कधी मिळाली नाही. घरातल्यांशी बोलायला त्यांनी स्वतःच खुणा घडवल्या. ते कामधंदा करतात, पैसे हाताळतात, आकड्यांनी भरलेल्या समाजात राहतात. तरी २०११ च्या अभ्यासात त्यांना ३ पेक्षा जास्त वस्तूंची संख्या बोटांनी भरवशाने दाखवता आली नाही. समोरच्या ढिगाएवढ्या वस्तू मांडतानाही त्यांचं उत्तर जवळपास येई, नेमकं नाही. त्यांच्या बुद्धीत काही उणं नव्हतं. उपजत होतं ते सगळं त्यांच्याकडे होतं आणि ते तेवढंच होतं.

या ठिकाणी उपजतवाद्यांशी माझा मतभेद आहे. भाषेने माणसाला आधीच असलेल्या कल्पनांची नुसती नावं दिली, असं ते कधीकधी बोलतात. संख्येपुरतं तरी ते खरं नाही. इथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या एका साधनाने डोक्यात अशी कल्पना उभी केली, जी जन्मतः तिथे नव्हती. आणि कोऱ्या पाटीवाल्यांशीही मतभेद आहेच, कारण ज्या दोन यंत्रणांना जोडून ती उभी राहिली, त्या कुणी शिकवलेल्या नाहीत.

जागेच्या जाणिवेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला पुरावा मला तितका पक्का वाटत नाही. लिंडा हर्मर आणि स्पेल्की यांनी १९९४ मध्ये दीड-दोन वर्षांच्या मुलांना साधारण ४ बाय ६ फुटांच्या खोलीत एका कोपऱ्यात लपवलेलं खेळणं दाखवलं, मग डोळे झाकून गरगर फिरवलं. मुलांनी खरा कोपरा आणि त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा सारखेच शोधले, म्हणजे त्यांनी भिंतींच्या लांबी-रुंदीवरून अंदाज बांधला. एक भिंत निळी असूनही तिचा उपयोग केला नाही. उंदरांमध्ये केन चेंग यांना १९८६ मध्ये असंच दिसलं होतं. पण पुढे ८ बाय १२ फुटांच्या खोलीत मुलांनी निळी भिंत वापरली. खोली मोठी केल्यावर हटणारी मर्यादा ही पायाची मर्यादा म्हणायला मी कचरतो. बिस्किटांच्या प्रयोगातली भिंत अशी हटत नाही.

'उपजत' या कल्पनेबद्दल एक घोळ नेहमी होतो तोही इथेच सोडवायला हवा. जन्मताना दिसलं म्हणजे उपजत आणि नंतर दिसलं म्हणजे शिकलेलं, असं नाही. दाढी उपजत आहे, पण जन्मतः नसते. उलट, अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं, की काही दिवसांची बाळंही इतर बाईच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. हे जन्मताना आहे, पण शिकलेलं आहे. अभिमन्यूची कथा आपल्याला पाठ आहे, तिच्यातलं आवाजापुरतं खरं निघालं. तेव्हा वय बघून निकाल लागत नाही. अनुभव काढून घेतला तरी ती क्षमता येते का, हे बघावं लागतं.

माणसाच्या बाळाचा अनुभव काढून घेता येत नाही, घेऊही नये. माकडांवर ते झालं, आणि निकाल विचार करायला लावणारे आहेत. जपानमध्ये योइची सुगिता यांनी काही माकडांची पिल्लं ६ ते २४ महिने एकही चेहरा दिसू न देता वाढवली. सांभाळणारे तोंडावर मुखवटा घालून वावरत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: त्या पिल्लांना इतर वस्तूंपेक्षा चेहरे जास्त बघावेसे वाटले, माणसांचे आणि माकडांचे दोन्ही. मग महिनाभर फक्त एकाच जातीचे चेहरे दाखवल्यावर त्या जातीतल्या चेहऱ्यांमधले बारकावे त्यांना कळू लागले आणि दुसऱ्या जातीतले कळेनासे झाले. पाया आणि बांधकाम यांचं इतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं. पण २०१७ मध्ये मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेने अशाच रीतीने वाढवलेल्या माकडांचे मेंदू तपासले. इतर माकडांत चेहऱ्यांसाठीचे जे खास भाग तयार होतात, ते त्यांच्यात तयार झालेले नव्हते, आणि ती माकडं चेहऱ्यांऐवजी हातांकडे जास्त बघत होती. हात त्यांनी रोज पाहिले होते.

दोन्ही काम काळजीपूर्वक केलेलं आहे. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात वागणूक आणि मेंदू दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. चेहऱ्यांची सुरुवातीची ओढ कदाचित फार ढोबळ असेल, आणि 'चेहरा' ही कल्पना त्या ओढीने गोळा केलेल्या अनुभवातून घडत असेल. म्हणजे पायाच्या यादीत वस्तू आणि संख्या जिथे आहेत, तिथे चेहरा अजून पेन्सिलनेच लिहायला हवा.

नीतीचं नाव तर मी सध्या खोडेन. किली हॅमलिन, विन आणि पॉल ब्लूम यांनी २००७ मध्ये बाळांना एक लहानसा खेळ दाखवला: एक आकृती चढ चढायला धडपडते, दुसरी तिला वर ढकलते, तिसरी खाली लोटते. नंतर दोघांतलं एक खेळणं निवडायला दिलं, तेव्हा १० महिन्यांच्या १६ पैकी १४ आणि ६ महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी मदत करणारं निवडलं. हे वाचून ज्याला आनंद झाला नाही असा माणूस विरळा. पण मूळ संशोधिकेला सोबत घेऊन जगभरच्या ३७ प्रयोगशाळांनी हाच प्रयोग एकाच पद्धतीने पुन्हा केला, साडेपाच ते साडेदहा महिन्यांच्या ५६७ बाळांवर, तेव्हा मदत करणारं खेळणं निवडणारी बाळं जेमतेम ४९ टक्के निघाली. नाणेफेकच. बाळांना चांगलं-वाईट कळत नाही हे यातून सिद्ध होत नाही. या रीतीने ते दिसत नाही एवढंच सिद्ध होतं. आणि नीतीच्या बाबतीत मुळात तीन वस्तूंच्या भिंतीसारखी खास खूण कुणाला सापडलेली नाही. बाळाने 'बरोबर' खेळणं निवडलं, याची शंभर कारणं असू शकतात. ठरावीक जागी चुकण्याची कारणं फार थोडी असतात.

ज्यांचे डोळे जन्मापासून धूसर होते आणि मोठेपणी दृष्टी मिळाली, त्यांच्याकडे हा प्रश्न पुन्हा एका वेगळ्या वाटेने येतो. विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये लॉक यांना लिहून विचारलं होतं: जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसतं बघून कोणतं कोणतं ते सांगता येईल का? मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात भारतातल्या अशा मुलांवर उपचार होतात. २०११ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या ५ मुलांची शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत चाचणी झाली. पाहिलेलं पाहून ओळखणं जमलं, चाचपलेलं चाचपून ओळखणं जमलं. चाचपलेलं पाहून ओळखणं मात्र जवळपास अंदाजपंचेच राहिलं. लॉक आणि मॉलिन्यू दोघांचंही उत्तर 'नाही' असं होतं, ते बरोबर ठरलं.

पण याच प्रकल्पाने २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली. नव्याने दृष्टी मिळालेल्या ९ मुलांना ४८ तासांच्या आतच दोन प्रसिद्ध दृष्टिभ्रम दाखवले. एकात एकत्र येत जाणाऱ्या रेषांमध्ये दोन सारख्या पट्ट्या आखलेल्या असतात आणि वरची मोठी भासते; दुसऱ्यात बाणांच्या टोकांमुळे सारख्या रेषा लहान-मोठ्या भासतात. दोन्ही भ्रम त्यांना झाले. आयुष्यभर रस्ते आणि खोल्या बघून डोळ्यांना लागलेली ही सवय आहे, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. या मुलांनी रस्ते बघितलेच नव्हते. इथेही पाया दिसला तो चुकीतूनच: अचूक जुळवाजुळव शिकावी लागली, फसणं मात्र शिकावं लागलं नाही.

आणि ती जुळवाजुळव शिकायला किती वेळ लागला? ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना ती काही दिवसांतच येऊ लागली. कुणी शिकवणी घेतली नव्हती. आठ-दहा वर्षं हाताने ओळखलेलं जग डोळ्यांनी इतक्या झटपट ओळखायला लागावं, हे कोऱ्या पाटीच्या हिशेबात बसत नाही, आणि 'ज्ञान आधीच होतं' या हिशेबातही बसत नाही. हात आणि डोळा यांची जोडणी तयार नव्हती, पण कशाशी काय जोडायचं याचे पर्याय बहुधा फार थोडे शिल्लक होते. वस्तू उचलून डोळ्यांसमोर फिरवली की तिच्या कडा दोन्हीकडे एकाच वेळी वळतात, आणि एकत्र हलणाऱ्या गोष्टी जोडणं ही तर ४ महिन्यांच्या बाळाचीही रीत. मुलांनी त्या दिवसांत वस्तू हातात घेऊन फिरवल्या की नुसत्या टेबलावर पाहिल्या, यावर वेग बदलतो का, हे मोजता येण्याजोगं आहे. बदलत असेल, तर दांडी आणि ठोकळ्याच्या प्रयोगातला नियमच इथेही राबतो आहे असं म्हणायला आधार मिळेल.